मोर्चा मुंबईला, कागद गावात

मोर्चा निघाला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, "विरोधकांना दुसरे काम काय? गरिबांना उन्हातून चालवायचे आणि आपण पुढे उभे राहून फोटो काढायचे." दुसरे म्हणतात, "मोर्चाशिवाय सरकार ऐकतच नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही." दोन्ही बाजू चावडीवर तावातावाने भांडतात आणि चहा संपला की उठून जातात. मोर्चातला माणूस ज्या कागदासाठी पायी गेला, तो कागद अडला कुठे होता, हे मात्र कोणी विचारत नाही. शेतकरी बंधूंनो, तो दर वेळी मंत्रालयात अडलेला नसतो. पुष्कळदा तो आपल्याच गावात, आपल्याच तालुक्यात, आपल्यापैकीच कुणाच्या तरी कपाटात पडून असतो.

मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो. सरकारी नोकर आहे. कोणत्या पक्षाने सत्तेवर यावे हे सांगणे माझे काम नाही. पण विरोधी पुढाऱ्याने सरकारला जाब विचारला आणि सरकारने लेखी शब्द दिला, तर त्या शब्दाचे पुढे काय होते हे आम्हाला फार जवळून दिसते. कारण तो शब्द शेवटी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्याच टेबलावर येतो. अलीकडे या तिन्ही पदांची नावे बदलली. आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी म्हणायचे. लोकांच्या तोंडी जुनीच नावे आहेत, म्हणून मीही तीच वापरतो.

दिंडोरीची जुनी वाट

आपल्या नाशिक जिल्ह्याला विरोधकाने सरकारला जाब विचारण्याची जुनी परंपरा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते आघाडीवर होते. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले आणि सरकारच्या विरोधी बाकावर बसले. पण त्यांनी नुसती भाषणे केली नाहीत. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पुढे राज्यसभेत असताना, ६ डिसेंबर १९६४ पासून, रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला आणि तुरुंग भरले.

त्या वेळच्या मागण्या आज वाचल्या तर आश्चर्य वाटते. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची खरीखुरी अंमलबजावणी करा. गरिबांना परवडेल अशा दराने धान्य वाटा. म्हणजे जमीन, मजुरी आणि रेशन. साठ वर्षांनंतर निघणाऱ्या मोर्चांच्या पत्रकातही हेच तीन विषय दिसतात.

दादासाहेबांच्या सत्याग्रहानंतर काहीच झाले नाही असे नाही. गायरानावर आणि सरकारी पडीक जमिनीवर भूमिहीनांनी केलेली अतिक्रमणे कायम करण्याचे निर्णय पुढे महाराष्ट्र सरकारने १९७८ आणि १९९१ साली काढले. पण निर्णय निघाला म्हणजे जमीन मिळाली, असे होते का? सवाल आला पुराव्याचा. कोणत्या साली कोण कसत होते? तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. ज्याचे नाव त्या वहीत वेळच्या वेळी चढले होते, त्याची बाजू भक्कम झाली. ज्याचे नाव चढलेच नव्हते, तो जमीन कसूनही कागदावर नव्हता. एवढ्या मोठ्या लढ्याचे फळ कुणाच्या पदरात पडायचे, हे गावातल्या एका वहीने ठरवले. आजच्या गोष्टीचे मूळ इथेच आहे.

एका आमदाराचा मोर्चा

आता २०१८ कडे येऊ. त्या वर्षी ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. पुढारी होते अशोक ढवळे, अजित नवले, किसन गुजर आणि कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित. गावित हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. २८८ जणांच्या त्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच आमदार होते. सभागृहात एकट्याने हात वर करून काय होणार? म्हणून सभागृहातला प्रश्न त्यांनी रस्त्यावर आणला. त्याआधी मार्च २०१६ मध्ये याच सीबीएस चौकात हजारो शेतकऱ्यांनी ठिय्या दिला होता. तेव्हाही वनजमिनीचाच प्रश्न होता.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी या भागांतून लोक आले. मुंबई-आग्रा महामार्गाने, कसारा घाट उतरून, सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. म्हाताऱ्या बाया होत्या. काहींच्या पायात चपला नव्हत्या. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या मुलांची परीक्षा होती. सकाळी मोर्चा निघाला तर मुलांना केंद्रावर पोचता येणार नाही, म्हणून सोमय्या मैदानावर उतरलेली ही माणसे तशाच फोडांच्या पायांनी रात्रीतून चालत १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर गेली. ज्यांची स्वतःची मुले आश्रमशाळेत शिकतात, त्यांनी शहरातल्या मुलांची एवढी काळजी केली. मुंबईकरांनीही मग त्यांना पाणी, खाणे आणि चपला दिल्या.

त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाली आणि सरकारने लेखी आश्वासन दिले. वनहक्काचे प्रलंबित दावे आणि अपिले सहा महिन्यांत निकाली काढायची, हा त्यातला मुख्य मुद्दा. कर्जमाफीत सुटलेले शेतकरी, जीर्ण झालेली रेशनकार्डे, विभक्त कुटुंबांची वेगळी कार्डे, निराधारांचे मानधन, नार-पारचे पाणी असे बाकीचे मुद्दे होते. सरकारने ऐकले, हेही मान्य केले पाहिजे. मोर्चावर लाठी चालली नाही, मंत्री स्वतः मैदानावर आले, लोकांना परत आणायला खास गाड्या सोडल्या.

सरकारी काम, सहा महिने थांब

आपल्याकडे म्हणच आहे ती. पण इथे सहा महिने तर लेखी दिले होते. पुढे काय झाले?

२० फेब्रुवारी २०१९ ला हेच लोक पुन्हा नाशिकहून निघाले. तक्रार एकच, दिलेला शब्द पाळला गेला नाही. या वेळी नाशिकच्या वेशीवरच बोलणी झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा लेखी आश्वासन मिळाले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसरा मोर्चा निघाला. तो शहापूर तालुक्यातल्या वाशिंदपर्यंत गेला. तिथे मुक्कामी असताना एक शेतकरी दगावला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चा झाल्यावर मोर्चा थांबला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा नाशिकला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मुक्काम ठोकण्यात आला.

या सहा वर्षांत राज्यात किती सरकारे आली? २०१८ ला भाजप-शिवसेनेचे होते. २०१९ च्या अखेरीस महाविकास आघाडीचे आले. २०२२ मध्ये ते जाऊन शिंदे यांचे आले. कालचे विरोधक सत्तेत गेले आणि कालचे सत्तेतले विरोधात आले. तरी वनपट्ट्याची मागणी प्रत्येक पत्रकात पहिल्या क्रमांकावरच राहिली. म्हणजे हा प्रश्न एका पक्षाच्या नियतीचा नाही. सरकार बदलले म्हणून जो कागद हलत नाही, तो सरकारच्याही खाली कुठेतरी अडकलेला आहे.

आणखी एक गोष्ट. गावित २०१९ ची निवडणूक हरले. देशभर गाजलेला मोर्चा काढून दीड वर्ष होते न होते तोच! म्हणून "हे सारे मतांसाठी" असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. मते मोर्चाने मिळतातच असे नाही. तरीही पराभवानंतर २०२३ ला माणसे पुन्हा त्यांच्या मागे चालली, कारण त्यांच्या हातात जमिनीचा कागद अजून पडला नव्हता.

कागद अडतो कुठे?

वनहक्काचा कायदा २००६ सालचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. बिगरआदिवासी असेल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हुसकता येत नाही. कायदा इतका सरळ आहे.

मग अडते कुठे? माझ्या पाहण्यात चार ठिकाणी.

पहिले, पावती. दावा दिला, पण पोच नाही. दोन वर्षांनी माणूस विचारायला गेला तर "तुमचा दावा आलेलाच नाही" हे उत्तर. त्याच्याकडे तारीख नाही, सही नाही. तो भांडणार कशाच्या जोरावर?

दुसरे, पुरावा. नियमात पुराव्याची लांबलचक यादी आहे आणि त्यातले दोन पुरावे पुरतात. गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब चालतो. जमिनीवर केलेली कायमची सुधारणा चालते. सपाटीकरण, बांध, विहीर हे सगळे त्यात येते. आता सांगा, भातखाचराचा दगडी बांध किती जुना आहे, हे कृषी सहायकाइतके कोणाला कळणार? बांधावरचा आंबा बुंध्यावरूनच वय सांगतो. पण पाहणीला जायला कोणाला वेळ नसतो. मग उपग्रहाचा नकाशा काढतात, त्यावर झाडी दिसली की दावा फेटाळतात. नकाशा जोडीला वापरावा, इतर पुराव्यांच्या जागी नाही, असे २०१२ च्या सुधारित नियमांतच लिहिले आहे. डोंगरउतारावर नागली आणि वरईची पाळी फिरते, दोन-तीन वर्षे तुकडा पडीक राहतो. वरून काढलेल्या चित्राला ते काय कळणार?

गमतीची गोष्ट म्हणजे कित्येकांचा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता? वनखात्याने कधीकाळी केलेल्या दंडाची पावती! अमुक साली अमुक माणसाने अमुक ठिकाणी नांगरट केली म्हणून दंड. त्या काळी ज्या कागदाला माणूस घाबरला, तोच कागद त्याने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आणि पुढे तो हक्काचा पुरावा ठरला. दंडाची पावती न चुकता मिळाली, अर्जाची मिळाली नाही. याचा आपण सगळ्यांनी विचार करावा.

तिसरे, नकाराचे कारण. दावा फेटाळायचा तर कारण लिहायला हवे आणि दावेदाराला लेखी कळवायला हवे. कळवल्यापासून ६० दिवसांत त्याला अपील करता येते. नुसत्या तांत्रिक उणिवेवरून दावा फेटाळू नये, असाही नियम आहे. पण "अपात्र" एवढाच शेरा मारून फाईल बंद होते आणि माणसाला पत्ताच नसतो. याचे परिणाम किती दूर जातात ते २०१९ ला दिसले. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. देशभर लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली होती का, असे राज्यांना विचारले. म्हणजे दिल्लीच्या न्यायालयालासुद्धा शेवटी हाच प्रश्न पडला की खाली कागदावर कारण लिहिले होते की नाही.

चौथे, सातबारा. पट्टा मिळाला तरी मोर्चातल्या लोकांची तक्रार होती की कसतो त्याहून कमी क्षेत्र पट्ट्यावर आले आणि नाव 'इतर हक्कात' गेले. तुम्ही म्हणाल, नाव चढले ना, मग झाले! नाही झाले. आमच्या खात्याची योजना असो, पीक कर्ज असो की पीक विमा, सगळीकडे पहिला कागद मागतात तो सातबारा. पट्टेदार पट्टा पुढे करतो आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, सातबारा आणा. एका पाड्यावरच्या पट्टेदाराने मला विचारले, "साहेब, सरकारनेच दिलेला कागद सरकारलाच का चालत नाही?" मी त्याला योजनेची माहिती द्यायला गेलो होतो. त्याचा प्रश्न मी टिपून घेतला आणि वरच्या कार्यालयाला लेखी कळवला.

कांद्याचेही तेच

हे फक्त डोंगरपट्ट्यात होते, असे निफाड-चांदवड-येवल्याच्या बंधूंनी समजू नये. २०२३ च्या मोर्चात कांदाही होता. भाव पडले होते. क्विंटलला ६०० रुपये अनुदान द्या, अशी मागणी होती. सरकारने ३५० रुपये दिले, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत आणि १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला. पण अट होती सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद असण्याची. ज्यांनी मोबाईलवर नोंद केली नव्हती ते हबकले. बाजार समितीची विक्रीपट्टी हातात, कांदा विकलेला, पैसे बुडीत गेलेले, पण सातबाऱ्यावर कांदाच नाही! शेवटी गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी पाहणी करून दाखला द्यायचा, अशी वाट काढावी लागली. मुंबईत मिळालेला पैसा पुन्हा गावातल्या तीन सह्यांवर येऊन थांबला.

मजूर कोण, शेतकरी कोण?

आणखी एक गोष्ट बागायतदार बंधूंना सांगायची आहे. आपल्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीपासून फेलफुटी काढणी, थिनिंग, डिपिंग आणि शेवटी तोडणी, ही सगळी कामे करणाऱ्या टोळ्या येतात कुठून? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा जो बाजार भरतो, तिथे उभा असलेला माणूस पावसाळ्यात स्वतःच्या दोन एकरांत नागली आणि भात लावतो. तोच शेतकरी आणि तोच मजूर. मोर्चात चालला तोही हाच.

काहीजण खासगीत म्हणतात, "त्यांना जमीन-पाणी मिळाले तर आपल्याला मजूर कोण राहील?" भाऊ, हा हिशेब चुकीचा आहे. ज्याच्या घरी चार महिने पुरेल एवढे धान्य आहे, तो टोळी घेऊन येतो तेव्हा उचल मागत नाही, अर्ध्यात पळत नाही आणि मजुरीचे बोलणे ताठ मानेने करतो. सुरगाणा-कळवणच्या काही गावांत स्ट्रॉबेरी होऊ लागली, केशर आंबा लागला. तिथली पोरे गावात राहतात, शाळेत जातात. मजूर कमी पडतील या भीतीने दुसऱ्याचा हक्क अडवून शेती चालत नाही. आणि किमान वेतनाचा कायदा शेतमजुरालाही लागू आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला हेच मागितले होते.

गावात सेवा देणाऱ्यांचीही तीच गत. अंगणवाडी सेविका घ्या. सरकार तिला पगार देत नाही, 'मानधन' देते. ती कर्मचारी नाही म्हणते. पण २०१८ च्या मार्च महिन्यातच सरकारने तिला अत्यावश्यक सेवेचा मेस्मा कायदा लावला, म्हणजे संप करायची बंदी. पगाराच्या वेळी स्वयंसेविका आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक सेवा! विधानसभेत विरोधी पक्षांनी आवाज उठवला, सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेनेही साथ दिली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना पुन्हा बेमुदत संपावर जावे लागले. टोळीतल्या बाईचे मूल दिवसभर जिच्याजवळ असते, पाड्यावरच्या पोषण आहाराची जी वही ठेवते, तिच्या हक्काचा प्रश्न २०२३ च्या मोर्चातही होता. मागण्यांच्या यादीत कांदा, वनपट्टा आणि अंगणवाडी एकाखाली एक का आले, हे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. तिन्ही एकाच घरातले प्रश्न आहेत.

पुढाऱ्यांनाही दोन शब्द

सरकारला आणि आम्हा नोकरदारांना सांगायचे, तसे विरोधकांनाही सांगायला हवे. पहिली गोष्ट, १३ डिसेंबर २००५ नंतर तोडलेल्या जंगलाला हा कायदा लागू नाही. "नांगर धरा, पुढे बघू" असे कोणी सांगत असेल तर तो गरिबाला खड्ड्यात घालतो आहे. उभ्या उतारावरची झाडी गेली की पहिल्या दोन पावसांत माती वाहून जाते आणि तिसऱ्या वर्षी नागलीही येत नाही. हे मी पक्षाचे म्हणून सांगत नाही, शेतीचे म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट, लेखी आश्वासन मिळाले की पुढाऱ्याचे काम अर्धेच झालेले असते. गावनिहाय यादी हवी. कोणाचा दावा, कोणत्या तारखेचा, कोणत्या समितीकडे, किती दिवस पडून. मोर्चात घोषणा देणारी शंभर पोरे असतात, त्यातली दहा तरी अर्ज नीट लिहिणारी तयार करा.

आणि सत्ताधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की विरोधकाचे ऐकल्याने सरकार लहान होत नाही. १९७२ च्या दुष्काळात विरोधी पक्ष आणि शेतमजुरांच्या संघटना रस्त्यावर होत्या. त्या वेळी विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे हे काँग्रेसचे. त्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांनी व्यवसाय कर भरून खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसा दिला. पुढे २००५ साली सगळ्या देशाने ही कल्पना उचलली. त्या कायद्याचा गाभा काय होता? मजुराने काम मागितले की १५ दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता. आणि ते १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्जाच्या तारखेपासून. पुन्हा पावतीच आली!

आता आपण काय करायचे?

गावात काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आणि सरपंच मंडळींना माझे चारच गोष्टींचे मागणे आहे. यांना मंत्रालयाचा आदेश लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही.

एक, कोणताही अर्ज आला की त्याच दिवशी तारीख, शिक्का आणि सही असलेली पोच द्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा मुदतीत द्यायची, नाकारायची तर कारण लेखी द्यायचे आणि त्यावर अपील आहे, असे तो सांगतो. ज्या अर्जाला तो कायदा लागू नाही, त्यालाही पोच द्यायला कोणी मनाई केलेली नाही.

दोन, प्रत्येक ग्रामसभेत पडून राहिलेल्या अर्जांची यादी मोठ्याने वाचा. वनहक्क, रेशनकार्ड, निराधार, पीक नोंद, सगळे. नाव, तारीख आणि कागद कोणाकडे आहे ते. चार सभांत चार वेळा एकच नाव वाचले गेले की अडवणाऱ्यालाही लाज वाटते.

तीन, वनहक्काच्या दाव्याची स्थळपाहणी तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, वनहक्क समिती आणि कृषी सहायक यांनी एकाच दिवशी एकत्र करावी. बांध, विहीर, झाडे पाहावीत, पाहिले ते लिहावे आणि दावेदाराच्या समोर सह्या कराव्यात. पाच जण पाच वेळा आले की पाच तऱ्हेचे अहवाल होतात.

चार, नकार द्यायचा असेल तर जरूर द्या, पण कारण मराठीत, समजेल असे लिहा आणि अपिलाची मुदत त्याच कागदावर लिहून द्या.

शेतकरी बंधूंनी आणि भगिनींनीही एक करावे. पावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. साहेब रागावले तरी चालेल. "पावती नंतर नेतो" म्हणणाऱ्याचा अर्ज बहुधा नंतरही सापडत नाही. घरातल्या सगळ्या पावत्यांच्या दोन प्रती काढा, एक घरी ठेवा आणि एक नात्यातल्या शिकलेल्या मुलाकडे द्या. ई-पीक पाहणी दर हंगामात वेळेत करा, नाही जमली तर मुदत संपण्याआधी तलाठ्याला लेखी कळवा.

लोकशाहीत विरोधक राहणार, मोर्चेही निघणार आणि निघायलाच हवेत. जिथे धोरण चुकते, भाव पडतो, कायदाच अपुरा असतो, तिथे विरोधकाने सरकारला रस्त्यावर जाब विचारावा. पण रेशनकार्डावर नाव चढवायला, पट्ट्याचे क्षेत्र दुरुस्त करायला, कांद्याची नोंद लावायला साठ वर्षांच्या बाईने कसारा घाट उतरून जावे लागते, तेव्हा ती हार सरकारची नंतर आणि आपल्या गावाच्या कचेरीची आधी असते. येत्या ग्रामसभेला प्रत्येक गावाने अशा अडलेल्या कागदांची यादी तयार ठेवावी आणि सरपंचांनी विषयपत्रिकेत तिला पहिले स्थान द्यावे. आमच्या गावापुरते आम्ही तसे पत्र ग्रामपंचायतीला दिले आहे, आणि त्याची पोच घेतली आहे.